‘अकरावी पिढी’चा शेवट

टांग्यात बसल्यावर बापूसाहेबांनी तो लाकडी खण माझ्या मांडीवर ठेवला आणि वरून स्वतःचे दोन्ही हात दाबून धरले. खणात आमच्या छापखान्यातली मोठी लाकडी अक्षरं होती, कुस्त्यांच्या आणि उरुसाच्या भित्तिपत्रकांसाठी वापरायची. आमचा कंपोझिटर दस्तगीर यानं ती सकाळी रॉकेलनं पुसून, बाराखडीच्या क्रमानं लावून दिली होती. मिरजेचे रस्ते तेव्हा खड्ड्यांचे होते. प्रत्येक हिसक्याला अक्षरं एकमेकांवर आपटत, आणि मी साडी सांभाळू की खण, हे मला ठरवता येत नव्हतं.

टांगेवाल्यानं मागे वळून विचारलं, कुठलं मैदान आहे, पैलवान कोण कोण आहेत.

“मैदान नाही,” बापूसाहेब म्हणाले. “एक माणूस पार पलीकडे जाऊन अडकलाय. त्याच्याशी संपर्क साधायचाय.”

टांगेवाल्यानं घोड्याला दोन शब्द सुनावले आणि टांगा हाकला.

बापूसाहेब हर्डीकर हे ‘शततारका’ या मासिकाचे संस्थापक, संपादक, आणि बऱ्याचदा पोस्टात गठ्ठे नेऊन टाकणारे. मासिक फक्त विज्ञानकथांचं. ते मिरजेतून निघतं हे पुण्यामुंबईच्या फार थोड्या लोकांना ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं त्यांना त्याची गंमत वाटे. मी नुकतीच मराठी घेऊन एम. ए. झाले होते आणि प्राध्यापकी मिळेपर्यंत तिथे सहसंपादक म्हणून काम करत होते. आमच्या विद्यापीठात हा प्रकार वाङ्मयात धरत नसत. मीही आत कुठेतरी धरत नव्हते. ते बापूसाहेबांना माहीत होतं. ते मला ‘चौगुलेबाई’ म्हणत, आणि एखादी कथा मला आवडली असं चुकून दिसलं की दस्तगीरला हाक मारून सांगत, आज विद्यापीठ खाली उतरलं.

विद्यापीठाला सर्वांत जास्त वेळा खाली उतरवलं ते शिवराम मगदूम यांनी. मगदूम पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात कायम पाइपाचा एखादा वॉशर असलेले. त्यांच्या कथांत अंतराळयानं असत, पण त्या यानांत नळ गळत, टाक्या शेवाळत, आणि पाण्याच्या पाळीवरून बायका भांडत. ‘अकरावी पिढी’ ही त्यांची कादंबरी आम्ही दीड वर्ष क्रमशः छापत होतो. एक यान निघून दहा पिढ्या झालेल्या आहेत. पोचणार आहे ती अकरावी. त्या पिढीतली रेवती ही यानातली पाणीवाली, टाक्यांची राखणदार. ज्या ग्रहाकडे सगळे निघाले आहेत तिथून एक संदेश येतो, आणि यंत्रणेतल्या बिघाडामुळे तो एकट्या रेवतीला ऐकू येतो: येऊ नका, इथे काही उरलेलं नाही. परत फिरण्याइतकं पाणी टाक्यांत नाही. लोक उतरण्याच्या तयारीला लागलेले आहेत, लहान मुलं जमिनीवर चालण्याची तालीम करताहेत. शेवटून दुसरा भाग जिथे संपतो तिथे रेवती सगळ्यांना उद्देशून बोलायला ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते आणि बटण दाबते.

ती काय बोलते, ते शेवटच्या भागात येणार होतं. तो भाग दिवाळी अंकासाठी राखला होता. आषाढात मगदूमांना झटका आला.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांच्या तोंडून फक्त दोन शब्द निघत: “हे बघ.” पाणी हवं असलं तरी “हे बघ”, पंखा नको असला तरी “हे बघ”, आणि राग आला की तेच पाचसहा वेळा, आवाज चढवत. स्वर मात्र प्रत्येक वेळी बरोबर असे. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, माणूस नीट बोलतोय, आपल्यालाच शब्द ऐकू येत नाहीत.

त्यांचं घर कृष्णाघाटाच्या रस्त्याला होतं. मगदूमवहिनींनी दार उघडलं आणि माझ्या हातातला खण पाहून कपाळाला आठी घातली. कुंकू मोठं, आवाज शांत, आणि नवऱ्याच्या कथांतली एकही न वाचलेली अशी ती बाई होती. लग्न झाल्यापासून ते आभाळाकडं बघत बोलत्यात, मी जमिनीवरचं बघती, असं त्या पूर्वी हसून सांगत. त्यांनी आम्हांला बसवलं, चहा आणला, आणि बापूसाहेबांना विचारलं:

“भाऊजी, एवढा शेवट शेवट करताय. तुमास्नी सांगितला असंल की त्यांनी. हितं तर एक ओळ लिहिलेली नाही. सगळं डोस्क्यात झाल्याबिगार त्यांनी कधी दौत उघडली नाही.”

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. मी बशीकडे पाहत राहिले, कारण शेवट सांगायची वेळ आली तेव्हा मीही तिथे होते.

झटका येण्याच्या आदल्या आठवड्यात मगदूम छापखान्यात आले होते. पायऱ्यांवरच चपला काढत त्यांनी जाहीर केलं होतं की शेवट सापडला. सकाळी जलवाहिनीच्या कडेनं फिरताना, पुलाजवळ, अख्खा सापडला. आणि ते सांगायला लागणार एवढ्यात बापूसाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. ही त्यांची जुनी रीत होती. कुठल्याही लेखकाला ते कथा आधी सांगू देत नसत. ऐकलेली गोष्ट मला वाचता येत नाही, असं म्हणत. संपादक हा पहिला वाचक, आणि पहिल्या वाचकाचं कुतूहल कोरं राहिलं पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती आणि चैनही. मगदूमांना हे ठाऊक होतं, तरी त्या दिवशी त्यांच्या पोटात राहत नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

“मग बाईंना सांगतो. बाई, ऐका.”

“तिलाही नको,” बापूसाहेब कानांवरचे हात न काढता म्हणाले. “तिचा चेहरा मला वाचता येतो. कागदावर आणा, मगदूम.”

मगदूम मोठ्यानं हसले. चहा प्याले. पंधरवड्यात कागदावर आणतो म्हणाले, आणि जाताना उंबऱ्याशी वळून, दोन बोटं ओठांवर ठेवून, मला खुणेनं दाखवलं की तोंड बंद.

वहिनींना हे कुणी सांगायचं? बापूसाहेब उठले आणि खण घेऊन आतल्या खोलीत गेले.

मगदूम खाटेवर लोडाला टेकून बसले होते. आम्हांला पाहून त्यांचा चेहरा अर्धा उजळला. दुसरा अर्धा हलत नव्हता. “हे बघ, हे बघ,” ते म्हणाले, आणि त्या स्वरात इतकी घाई होती की ती कशाची, हे विचारण्याची गरज नव्हती. त्यांना शेवट सांगायचा होता. दवाखान्यातल्या पहिल्या भेटीपासून ते हेच करत होते. आम्ही दिसलो की डावा हात वर न्यायचे, बोटानं बटण दाबल्यासारखं करायचे, आणि मग रेवती जे बोलली ते बोलायला तोंड उघडायचे. “हे बघ,” एवढंच बाहेर पडायचं. मग स्वतःच्याच शब्दांवर चिडून मान फिरवायचे.

बापूसाहेबांचा सिद्धांत साधा होता. टांग्यात त्यांनी तो मला दोनदा समजावला होता. संदेश शाबूत आहे, पाठवणारा शाबूत आहे, फक्त प्रक्षेपक बिघडलाय. मग दुसरा मार्ग काढायचा. ‘शततारका’तल्या दर तिसऱ्या कथेत हेच तर होतं: परके जीव भेटतात, भाषा नसते, आणि कुणीतरी हुशार माणूस दिव्यांची उघडझाप, आकडे, खुणांचा तक्ता, असं काही शोधतो आणि दोन्ही बाजू बोलू लागतात. अशा कितीतरी कथा बापूसाहेबांनी निवडल्या होत्या, तपासल्या होत्या, त्यातल्या युक्त्यांतल्या चुका दाखवून लेखकांना परत पाठवल्या होत्या. तीस वर्षं माणूस ज्या गोष्टी छापतो, त्यांच्यावर तो थोडा तरी विश्वास ठेवतोच. तज्ज्ञ डॉक्टरांना विचारावं असं मी सुचवलं तेव्हा ते म्हणाले होते, डॉक्टर शरीराचे; हा दळणवळणाचा प्रश्न आहे.

त्यांनी खाटेवर पाट ठेवला, त्यावर अक्षरं मांडली. एकेक अक्षर तळहाताएवढं. “मगदूम, जीभ राहू दे,” ते म्हणाले. “रेवतीचं पहिलं वाक्य. फक्त पहिलं. एकेक अक्षर उचला, मी लावत जातो. मात्रा-वेलांट्या आम्ही समजून घेऊ.”

मगदूमांना कळलं. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी बापूसाहेबांच्या खांद्यावर थाप मारली, अशी की जणू हे त्यांच्याच एखाद्या कथेत शोभलं असतं. मग डावा हात पुढे करून त्यांनी अक्षर उचललं. ‘ठ’. बापूसाहेबांनी ते लावलं. मग ‘ळ’. मग ‘फ’. जराही न अडखळता, भराभर, आनंदानं, मगदूम अक्षरं देत गेले. मी लिहून घेत होते. ‘ण’, पुन्हा ‘ळ’, ‘घ’. एक ओळ भरली, दुसरी निम्मी झाली. मग ते थांबले, मागे टेकले, आणि घाम पुसून समाधानानं म्हणाले, “हे बघ.”

बापूसाहेबांनी ओळ वाचली. मग उलट्या बाजूनं वाचली. एखादं अक्षर सोडून पाहिलं. त्यात काहीही नव्हतं.

“पुन्हा करू,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मला नेहमीपेक्षा बारीक वाटला. “सोपं घेऊ. तुमचं नाव. मगदूम. ‘म’ द्या.”

मगदूमांनी हात पुढे केला आणि तो अक्षरांवर तरंगत राहिला. ‘म’ त्यांच्या बोटांखाली होता. बोटं त्यावरून गेली. त्यांनी ‘ढ’ उचलला, पाहिला, फिरवून उलटा धरून पाहिला, परत ठेवला. दुसरं उचललं. मग आपणच लावलेल्या ओळीकडे त्यांची नजर गेली आणि ती तिथून हलेना. तोवर त्यांना वाटत होतं, फक्त जीभ अडकली आहे. आत सगळं जागच्या जागी आहे, दार तेवढं उघडायचं आहे. आता त्यांना दिसलं की समोर लाकडाचे तुकडे आहेत. हे आम्ही त्यांना दाखवलं. आम्ही गेलो नसतो, तर कदाचित कधीच कळलं नसतं.

ते ओरडले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी पाट हळूच दूर सारला, जसं जेवण झाल्यावर ताट सारतात. एक-दोन अक्षरं खाली पडली. वहिनी आल्या, त्यांनी ती पदरात वेचली आणि माझ्या हातात दिली.

“न्या हे,” त्या म्हणाल्या.

बापूसाहेब हरले नाहीत. किंवा हरल्याचं स्वतःला सांगू शकले नाहीत. पुढच्या भेटीत त्यांनी दुसरी युक्ती काढली. आपण विचारायचं, मगदूमांनी मानेनं हो किंवा नाही सांगायचं. विचारत विचारत शेवटापर्यंत जायचं. छापखान्यात बसून त्यांनी रेवतीच्या सगळ्या शक्यता मांडल्या होत्या, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्या फार चांगल्या मांडल्या होत्या.

रेवती संदेश सांगून टाकते का? मगदूमांनी होकारार्थी मान हलवली. बापूसाहेब पुढे सरकले. लोक तिच्यावर विश्वास ठेवतात? हो. तरीही उतरायचं ठरवतात? हो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पाहा, आलं. मी सगळं टिपून घेतलं. मग त्यांनी, केवळ पडताळा म्हणून, दुसऱ्या बाजूनं विचारलं: की ती संदेश लपवते?

मगदूमांनी तितक्याच निश्चयानं मान हलवली. हो.

“मगदूम, नीट ऐका. सांगते की लपवते?”

हो.

“बटण दाबून काहीच बोलत नाही?”

हो. त्यांचे डोळे बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर होते, प्रश्नावर नव्हते. बापूसाहेबांचा चेहरा पडला की त्यांची मान अधिक जोरात हले.

दारात उभ्या असलेल्या वहिनी आत आल्या. “भाऊजी, पुरे करा आता,” त्या म्हणाल्या. “मी सकाळी विचारलं, जेवलासा का, तर हो म्हणाले. ताट झाकून तसंच हुतं. दुखतंय का म्हटलं तरी हो, बरं वाटतंय का म्हटलं तरी हो. तुमी येवडं लांबनं येताय, घाम गाळताय. ते तुमच्यासाठी हो म्हणत्यात.”

परतताना आम्ही टांगा केला नाही. बापूसाहेब चालत राहिले आणि मी त्यांच्या मागून. लक्ष्मी मार्केटपाशी ते थांबले आणि म्हणाले की मगदूम कधीही ‘हो’ म्हणणारे गृहस्थ नव्हते. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी एकदा तीन पत्रं लिहिली होती. मग पुन्हा चालू लागले.

अंकाची वेळ जवळ येत होती. वाचक विचारत होते. सोलापूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या घरात रेवतीवरून दोन पक्ष पडले आहेत, लवकर काय ते सांगा. मी स्वतःहून, बापूसाहेबांना न विचारता, शेवटचा भाग लिहिला. मगदूमांची शैली मला पाठ झाली होती. छोटी वाक्यं, पाण्याचे तपशील, विनोद बायकांच्या तोंडी. माझ्या शेवटात रेवती खरं सांगते, आणि मुलं तरीही चालण्याची तालीम थांबवत नाहीत. बापूसाहेबांनी तो खिडकीपाशी उभ्यानं वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

“चांगला आहे,” ते म्हणाले. “तुमचा आहे.”

त्यांनी कागद नीट जुळवून मला परत दिले. खाली मगदूमांचं नाव घालून छापता येणार नाही, आणि तुमचं घालून छापलं तर तो माणूस जिवंतपणी संपला असं आपण जाहीर करू, असं ते दस्तगीरशी बोलत असल्यासारखं, दुसरीकडे पाहत म्हणाले. दिवाळी अंक निघाला. शेवटच्या भागाच्या जागी ‘लेखकाच्या प्रकृतीमुळे’ अशी एक ओळ चौकटीत टाकली.

दसऱ्यानंतर मगदूमांना दुसरा झटका येऊन गेला होता. हा लहान होता. हातपाय तसेच राहिले, “हे बघ” तसंच राहिलं. मात्र आम्ही गेल्यावर बोटानं बटण दाबून दाखवणं थांबलं. घाई गेली. ते आम्हांला पाहून हसत, ओळखत असावेत. पण आम्ही कशासाठी येतो, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं राहिलं नव्हतं. मला त्या शांतपणाचं बरं वाटलं. बापूसाहेबांना नाही. त्यांनी ‘अकरावी पिढी’चे सगळे अंक काढले आणि ठरवलं की पहिल्या भागापासून त्यांना वाचून दाखवायचं. वाचता वाचता कुठेतरी काहीतरी जागं होईल. वहिनींना त्यांनी परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, वाचा. गोष्ट ऐकायला कुणाची ना आहे.

दिवाळी झाल्यावर आम्ही दर रविवारी दुपारी जाऊ लागलो. बापूसाहेब चांगले वाचत. मगदूम उशीला टेकून, डोळे बापूसाहेबांच्या ओठांवर लावून ऐकत. पहिल्याच रविवारी, टाकीवरच्या भांडणाच्या प्रसंगात, ते मोठ्यानं हसले. बापूसाहेबांनी आनंदानं माझ्याकडे पाहिलं: आठवतंय. यानाच्या तळाशी पाणी शिरतं त्या भागात त्यांनी चादर मुठीत धरली. यानातल्या म्हाताऱ्या नाईकाचा मृत्यू आला तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहिलं, आणि बाजूला भाजी चिरत बसलेल्या वहिनीही विळीवरचा हात थांबवून ऐकू लागल्या. नवऱ्याची गोष्ट त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हांला दारातच विचारलं, त्या पोरीचं काय झालं.

थंडी पडली होती तेव्हा आम्ही छापलेल्यांपैकी शेवटच्या भागाला आलो. बापूसाहेबांनी तो सावकाश वाचला. लोक गोळा झाले. मुलं पुढे येऊन बसली. रेवती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली. तिनं बटण दाबलं.

बापूसाहेब थांबले. त्यांनी अंक खाली केला आणि मगदूमांकडे पाहिलं. मलाही त्या क्षणी वाटलं, आता येईल. शब्दांनी नाही तर हातानं, चेहऱ्यानं, कसंही, पण येईल.

मगदूम वाट पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी भुवई उंचावली. मग डावा हात पुढे करून त्यांनी बापूसाहेबांच्या हातातून अंक घेतला आणि पान उलटलं. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती. त्यांनी ती बारकाईनं पाहिली, आणखी एक पान उलटलं, तिथे वर्गणीदारांसाठी सूचना होत्या. मग त्यांनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर काही हरवल्याचं दुःख नव्हतं. गोष्ट रंगात आलेली असताना कुणी थांबवलं तर ऐकणाऱ्याची होते तशी अधीरता होती, आणि थोडी तक्रार.

“हे बघ?” त्यांनी बापूसाहेबांना विचारलं.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. बापूसाहेबांनी अंक परत घेतला, दुमडलेला कोपरा सरळ केला, आणि कुठल्याही वर्गणीदाराला सांगितलं असतं त्या आवाजात, अदबीनं, म्हणाले:

“लेखकाकडून पुढचा भाग अजून आलेला नाही.”

मगदूमांनी ते ऐकून घेतलं. क्षणभर विचार केला. मग समजूतदारपणे मान हलवली, आणि वाट पाहायची तयारी असल्यासारखे उशीला टेकले.